नाव बत्तीस जीबीचे, जागा आठ जीबीची

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि आठवी ते दहावीच्या मुलांसाठी बोलीतील जुन्या शब्दांवर एक छोटा पॉडकास्ट तयार करतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याच कामात माझी दोनदा फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नव्हती, पण जे गेले ते पैशाने परत येणारे नव्हते. शिवाय ध्वनिमुद्रण करणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकते, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

एप्रिलमध्ये मी शहरातील एका दुकानातून झूम एच१एन हा हातात मावणारा रेकॉर्डर घेतला. रेकॉर्डर अस्सल होता, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यात ३२ जीबीपर्यंतचे मायक्रोएसडी कार्ड चालते. दुकानदाराने नामांकित कंपनीच्या वेष्टनातले तसे एक कार्ड काढून समोर ठेवले. "सर, बाहेर महाग पडेल. तुम्हाला साडेतीनशेला देतो, डोळे झाकून घ्या." मी ते खरोखरच डोळे झाकून घेतले. बिल फक्त रेकॉर्डरचे झाले, कार्डाचे पैसे रोख दिले आणि त्याची वेगळी नोंद मागण्याचे मला सुचलेही नाही.

मे महिन्यात राधानगरी तालुक्यातील एका गावी नातेवाइकांकडे राहून मी अकरा दिवस वृद्ध शेतकऱ्यांशी बोललो आणि एकूण अठरा तासांचे ध्वनिमुद्रण केले. पहिल्या दिवशी सगळे ऐकून पाहिले, ते स्वच्छ होते. पुढे मात्र रोज संध्याकाळी रेकॉर्डरच्या पडद्यावर फाइलचे नाव आणि लांबी बघून मी समाधान मानत गेलो. लॅपटॉप घरी ठेवला होता. ध्वनिमुद्रण चालू असताना मी कानाला हेडफोन लावून सतत ऐकत होतो, पण त्या वेळी हेडफोनमध्ये येतो तो माइकमधला आवाज असतो. तो कार्डावर उतरला की नाही, हे त्यावरून कळत नाही. ही गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावले. सगळ्या फाइली जागच्या जागी दिसत होत्या. पाचव्या दिवशी ज्या आजोबांनी विहिरीतून बैलांनी पाणी ओढण्याच्या मोटेची माहिती दिली होती, त्यांची एक तास बावन्न मिनिटांची फाइल मी उघडली. नाडा, कणा, धाव, थारोळे हे सगळे सांगून ते सोंदुरावर, म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेल्या दोरावर आले, "धावंच्या टोकाला बैल आलं की सोंदूर ढिला सोडायचा, मग" एवढे म्हणाले आणि आवाज थांबला. फाइल पुढे सरकत राहिली, पण तिच्यात काही नव्हते. त्यानंतरच्या तर एकाही दिवसाची फाइल उघडेना. आजोबांनी शेवटी म्हटलेले मोटेवरचे गाणेही गेले.

शाळेतल्या संगणकाच्या शिक्षकांनी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने ते कार्ड तपासले. हा प्रोग्राम सगळे कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेले परत वाचून पाहतो. कार्डावरच्या फाइली त्याआधी लॅपटॉपवर उतरवून घ्याव्या लागतात. साधारण ७.३ जीबी शाबूत आणि २२ जीबीहून अधिक गहाळ, असा निकाल आला. म्हणजे आत आठ जीबीची चिप होती आणि बत्तीस जीबी असल्याचे खोटे सांगण्याची शिकवण तिच्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणाऱ्या भागाला दिलेली होती. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ या माझ्या ध्वनिमुद्रणाच्या दर्जाला एका तासाला सुमारे एक जीबी लागतो; त्यामुळे पहिले साडेसात तास उतरले आणि उरलेले साडेदहा तास कुठेच लिहिले गेले नाहीत. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, तो भाग खरा होता, म्हणून नावे आणि लांबी शेवटपर्यंत बिनचूक दिसत राहिली.

दुकानदाराने बिल मागितले. "हे कार्ड आमच्याकडचं नाहीच," असे त्याने शांतपणे सांगितले, आणि माझ्या हातात दाखवायला कागद नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी फिरवला, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न बिलाचाच होता.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी आहे. गेलेला डेटा परत मिळवून देतो, अशी जाहिरात मोबाइलवर दिसली. त्या माणसाने कार्ड कुरिअरने मागवले, तपासणीचे अडीच हजार रुपये यूपीआयने आगाऊ घेतले आणि दोन दिवसांनी पडद्याचे छायाचित्र पाठवले. "सत्तर टक्के डेटा दिसतोय, आणखी साडेसहा हजार भरा." छायाचित्रात माझ्या फाइलींची नावे होती. ती नावे मलाही पहिल्यापासून दिसतच होती! जे कधी लिहिलेच गेले नाही ते परत कसे मिळणार, हे संगणकाच्या शिक्षकांनी मला आधीच समजावले होते, तरीही मी पैसे पाठवले होते. मी नकार देताच त्याने फोन उचलणे बंद केले. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. मात्र मी ती चार दिवसांनी केली, आणि अशा तक्रारीत पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. ना पैसे आले, ना कार्ड.

जुलैमध्ये नवे कार्ड बिलासह घेतले, ते पूर्ण भरून तपासले आणि पुन्हा त्या गावी गेलो. आजोबा म्हणाले, "गुरुजी, एकदा सांगून झालंया की. त्येच त्येच काय सांगायचं?" तरी त्यांनी सोंदुरापासून पुढचे सांगितले, थोडक्यात आणि जरा कंटाळून. गाणे म्हणायला त्यांनी नकार दिला.

दोन्ही ध्वनिमुद्रणे जोडून मी तो भाग वर्गात ऐकवला. मे महिन्यातल्या तुकड्यात मागे कोकीळ ओरडते आहे आणि "मग" या शब्दानंतर पत्र्यावर पाऊस सुरू होतो. आठवीतल्या एका मुलीने लगेच हात वर केला. "सर, मधेच पाऊस कुठून आला?"