नागपुरात पाण्यात रमणारा कुत्रा पाळायचाय: लॅब्राडोर की गोल्डन?

घरात पोरं आहेत, पहाटे फिरवायला कुणीतरी आहे आणि कुत्रा पाण्यात खेळणारा हवा, एवढं ठरलं की निवड बहुतेक लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोघांवर येते. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत गार समुद्रात राबायचे. गोल्डनची पैदास १८६८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये सुरू झाली. दोघांचंही अंग थंडीसाठी घडलेलं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

पाण्याची ओढ दोघांना सारखीच. फरक कळतो तो पाण्यातून बाहेर आल्यावर. लॅबचे केस आखूड, दाट, किंचित तेलकट. दोनदा अंग झटकलं, टॉवेल फिरवला की बरंचसं काम झालं. गोल्डनच्या मांड्यांमागे, पोटाखाली आणि कानांमागे लांब केस असतात. वरून कोरडा दिसला तरी बोटांनी केस बाजूला केले की कातडीपाशी ओल हाताला लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती ओल तशीच राहिली, तर कुत्रा तिथे चाटत सुटतो आणि बघता बघता लालभडक, चिघळलेला चट्टा होतो. त्या केसांत गोचीडही लवकर दिसत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं विंचरायला वेळ असेल तरच गोल्डनचा विचार करा. आणि उन्हाळा आला म्हणून दोघांपैकी कुणाचेही केस भादरू नका. ते उन्हापासून कातडी राखतात.

स्वभावात मात्र गोल्डन उजवा, असं माझं मत. लॅब प्रेमळ, पण पहिली दोन वर्षं भारी धसमुसळा. घरात थकलेले आजी-आजोबा असतील तर हे ध्यानात ठेवा. शिवाय भूक. बऱ्याच लॅबमध्ये पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट न पोचवणारा जनुकीय दोष असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. ताटातली पोळी प्रत्येकाने एकेक तुकडा दिली की वजन वाढलंच, आणि जाड कुत्र्याला ऊन जास्त बाधतं.

फ्लॅट लहान असेल तर कॉकर स्पॅनियलही पाण्याचा शौकीन, वजन १२ ते १५ किलो. पण लोंबते कान ओले राहून सारखे दुखतात.

कूलरच्या भरवशावर राहू नका. कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या उत्तम. पाऊस पडून हवा दमट झाली की धापा टाकूनही कुत्र्याचं अंग निवत नाही. तेव्हा एसी लागतो. फुटाळा, अंबाझरी या तलावांत पोहायला सोडणं मला पटत नाही, साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची भीती असते. गच्चीवर सावलीत मोठा टब पुरतो.

वेळ कमी, उत्साह जास्त अशा घराने लॅबच घ्यावा. पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष दोन्ही जातींत पिढीजात येतो. जमलं तर दिवाळीनंतर, आठ आठवड्यांचं झाल्यावर आणा, म्हणजे मार्चचं ऊन लागायच्या आत लसी पुऱ्या होतात आणि टबाची सवयही लागते.