इलेक्ट्रॉनिक तानपुरा: कान घडवायला कितपत उपयोगी?

कान तयार करायला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेणार असाल, तर प्रत्येक तार वेगळ्या बटणाने जुळवता येईल असाच घ्या. सगळं आपोआप सुरात लावून देणारं मॉडेल रियाजाला सोयीचं आहे, पण कान घडतो तो जुळवताना.

मधल्या दोन जोडतारांपैकी, म्हणजे एकाच षड्जात लावलेल्या तारांपैकी, एक जराशी उतरवा. लय अशी ठेवा की पहिली विरण्याआधी दुसरी वाजेल. आवाजात लाटा येतील. बटण हळूहळू चढवा: सेकंदाला चार लाटा, मग दोन, मग एक, आणि शेवटी आवाज सपाट. बहुतेकांचं इथेच चुकतं; एक लाट उरलेली असतानाच ते ‘जुळलं’ म्हणून सोडून देतात. नवख्याला ती लाट खरोखरच ऐकू येत नाही, आणि एकदा येऊ लागली की न ऐकणं जमत नाही. ध्वनी तोच असतो.

मग बदललं काय, कान की नुसता तर्क? व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात रत्नपारख्याचं उदाहरण दिलं आहे. त्याची पारख अभ्यासातूनच येते, दुसऱ्याला शब्दांत सांगता येत नाही आणि ती अनुमानही नव्हे. गळ्यालाही हे लागू पडतं: बेसूर आधी खुपतो, कारण मागून सुचतं. म्हणूनच सूर दाखवणारा दिवा किंवा काटा रियाजात झाकून ठेवावा. दिवा पाहून सूर ठरवणं हे अनुमान झालं, त्यात कान रिकामाच राहतो.

पुढची पायरी स्वयंभू गंधाराची, म्हणजे खर्जाच्या (सगळ्यात खालच्या षड्जाच्या) तारेतून आपोआप उमटणाऱ्या ‘ग’ची. मध्य षड्ज 240 हर्ट्झ धरला, तर खर्ज 120 वर आणि त्यातून उमटणारा गंधार पाचपट, म्हणजे 600 वर. समान अंतराने लावलेल्या पेटीचा त्याच जागेचा गंधार सुमारे 605 वर असतो. पेटीवर वाढलेल्या कानाला हा फरक ओळखू यायला वेळ लागतो. त्यात यंत्राच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज पोकळ येतो. बाहेरचा स्पीकर जोडला की भरतो. आवाज मात्र गळ्याहून खालीच ठेवा, नाहीतर स्वतःचा बेसूर त्यात बुडून जातो.

जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली झणकार लावणं, मात्र या यंत्रावर शिकता येत नाही. घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा केसभर सरकवला की आवाज खुलतो किंवा मिटतो, आणि यंत्रातली जवारी सहसा एकाच जागी. त्यासाठी मिरजेचा लाकडी तानपुराच मांडीवर घ्यावा लागतो.