भिजलेला सर्व्हर धुऊन दहा महिने वापरला, त्याचा अनुभव

वेंगुर्ल्यातल्या एका काजू कारखान्याचे संगणक मी सांभाळतो. गेल्या जुलैत वानरांनी कौल सरकवलं आणि रात्रभर पाण्याची धार टॉवर सर्व्हरच्या मागच्या जाळीवर पडत राहिली. सकाळी तो घाईघाईने हलवताना स्टुलावरून खाली आपटला.

सर्व्हर रात्रीच कधीतरी बंद पडला होता, पण यूपीएसची वीज आत जातच होती. बटण बंद असलं तरी केबल लावलेली असेपर्यंत बोर्डावर (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर) स्टँडबायचा प्रवाह असतो. बोर्ड ओला असेल तर तोच प्रवाह तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. म्हणून आधी दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल उपसल्या आणि बोर्डावरचा सीआर २०३२ बटण-सेल काढला. आमचा मदतनीस म्हणाला, "काकानू, एकदा बटान दाबून बघूया काय?" मी त्याचा हात धरला. त्या क्षणी बटण दाबलं असतं तर हा अनुभव लिहायला सर्व्हर उरला नसता, असं मला आजही वाटतं.

झाकण उघडल्यावर दिसलं ते पाण्यापेक्षा वाईट होतं. किनाऱ्यावर खारा वारा पंख्यांमधून वर्षानुवर्षं आत येतो आणि धुळीबरोबर मीठ बोर्डावर बसतं. पावसाच्या पाण्याने ते विरघळून रॅमच्या खाचांखाली गेलं होतं. मीठ सुकलं म्हणजे संपलं असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच ओलावा ओढून पुन्हा पाणी धरतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या वरच असते.

बहुतेकजण सरळ आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. पण मीठ अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही. म्हणून प्रोसेसर, रॅम, कार्डं, पंखे सगळं उतरवून बोर्ड आधी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने मऊ ब्रश फिरवत दोनदा धुतला. मग ९९ टक्क्यांचं अल्कोहोल, पाणी हटवायला. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे उघड्यावर ठेवलेला बोर्ड काय वाळणार? एसी ड्राय मोडवर लावलेल्या खोलीत तो तीन दिवस ठेवला. हेअर ड्रायर किंवा तांदळाचा डबा यांच्या वाटेला गेलो नाही. भिजलेला पॉवर सप्लाय न उघडता टाकून दिला, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

(आमचं पाणी निदान पावसाचं होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं शिरलं तसं गाळाचं पाणी असतं, तर एवढ्यावर भागलं नसतं.)

चालू करताना फक्त एक प्रोसेसर, एक रॅम आणि एक कोरडा पॉवर सप्लाय. डिस्क एकही नाही. स्क्रीनवर चित्र आल्यावर एकेक भाग वाढवत गेलो, दर वेळी केबल काढून. आपटल्यामुळे एक रॅम खाचेतून अर्धी उचकटली होती, ती नीट बसवली. चार डिस्क काढण्यापूर्वी त्यांच्यावर मार्करने क्रमांक टाकले होते. पुन्हा लावल्यावर डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरने 'फॉरेन कॉन्फिगरेशन', म्हणजे डिस्कवर परकी रचना आहे, असं दाखवलं. इथे 'इम्पोर्ट' निवडायचं. घाबरून 'क्लिअर' दाबलं की रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची, रचनाच पुसली जाते. एक डिस्क टकटक करत होती, तिला पुन्हा वीज दिली नाही. रेड १० मध्ये प्रत्येक डिस्कची नक्कल जोडीदार डिस्कवर असते, म्हणून उरलेल्या तिघींवर काम चाललं, आणि आदल्या रात्रीचा बॅकअपही हाताशी होता.

ऑगस्टपासून पहिले दोन महिने तक्रार नव्हती. मग ऑक्टोबरमध्ये मागचा एक पंखा अडखळू लागला. बेअरिंग गंजलं होतं, बदललं. जानेवारीत इव्हेंट लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ईसीसीने, म्हणजे मेमरीतली चूक आपोआप सुधारणाऱ्या सोयीने, दुरुस्त केलेल्या मेमरी चुका दिसू लागल्या, आधी आठवड्याला एखादी, मग रोज. रॅम दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. चुका रॅमबरोबर गेल्या नाहीत, त्या खाचेलाच चिकटून राहिल्या. भिंग लावून पाहिलं तर प्लास्टिकच्या कडेला, कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्याला येतो तसा हिरवा कळंक. तिथे माझा ब्रश पोहोचलाच नव्हता. ती खाच रिकामी ठेवली. आता ६४ ऐवजी ४८ जीबी मेमरीवर चालतं.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. शेतकऱ्यांचे काजूचे हिशेब मात्र फेब्रुवारीतच नव्या मशीनवर नेले. ज्या बोर्डाला एकदा कळंक लागला, त्याच्यावर कुणाच्या वर्षभराच्या पैशाचा भरवसा टाकायला माझं मन तयार होत नाही. जुना सर्व्हर आता रोजचा बॅकअप घेतो आणि ते काम चोख करतो. लॉग मी दर सोमवारी वाचतो.

मृग लागायच्या आत तो पुन्हा उघडून खाचांच्या कडा तपासणार आहे. छपराखाली त्याच्यावर उतरता पत्रा बसवून झालाय. वानरं अजून रोज येतात.