घरी ऑक्सिजनवर असलेलं बाळ: पाच लिटरचं मशीन, सिलिंडर आणि बाकी सामान, थंडी ते पावसाळा वापरल्यानंतर

वेळेआधी जन्मलेली, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बरेच दिवस राहिलेली काही बाळं घरी येतात ती नाकाला नळी लावूनच. फुप्फुसं पिकायला वेळ लागतो, तोवर थोडा ऑक्सिजन लागतो. हा लेख त्या सामानाबद्दल आहे: पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं), बी-टाइप सिलिंडर, लो-फ्लो मीटर (अगदी कमी प्रवाह मोजणारं), बाळाची कॅन्युला (नाकात बसणारी दोन टोकांची नळी), पायाला बांधायचा पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा). नाशिकमध्ये थंडी, उन्हाळा आणि पावसाळा या तिन्हींत वापरून झालं आहे. किती ऑक्सिजन द्यायचा, कधी कमी करायचा हे डॉक्टरांचं काम. ते ठरल्यावर घरात काय करावं लागतं, तेवढंच इथे लिहितो.

आधी मुद्द्याचं. यातलं मशीन हा सगळ्यात सोपा भाग आहे. मशीन मोठ्या माणसासाठी बनलेलं असतं, आणि बाळाला लागतो मिनिटाला पाव लिटर, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे खरी कसोटी मशीन आणि नाक यांच्यामधल्या स्वस्त, बारक्या सामानाची असते. दुकानदार मशीनबद्दल भरपूर सांगतो, त्या बारक्या सामानाबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाही.

मशीनवरच्या मीटरची पहिली खूण बहुतेक वेळा अर्ध्या लिटरची असते. तिच्याखाली गोटी (प्रवाह दाखवणारी मीटरमधली छोटी गोळी) अंदाजाने ठेवून "पाव असेल" म्हणणं बाळाच्या बाबतीत चालत नाही. वेगळं लो-फ्लो मीटर घ्यायचं, शून्य ते एक लिटरचं, ०.१ च्या खुणा असलेलं. मशीनचा नॉब पुरता उघडायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण या पुढच्या मीटरवर लावायचं. असं केल्यावर मशीनच्या स्वतःच्या मीटरमधली गोटी खाली बसते. ते बरोबरच आहे, घाबरू नका. काही मशीन मात्र प्रवाह कमी झाला की अलार्म देतात, म्हणून घेण्याआधी "बाळासाठी पाव लिटरवर चालवायचं आहे" असं स्पष्ट सांगून दुकानातच चालवून बघा. मीटर उभं हवं. गोटीचा मध्य डोळ्याच्या रेषेत आणून वाचायचा, वरून वाकून नाही.

इथे एक चूक सर्रास होते. सिलिंडरचं फ्लो मीटर रेग्युलेटरनंतरच्या (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या भागानंतरच्या) सुमारे ५० पीएसआय दाबासाठी बनवलेलं असतं, आणि मशीनमधून ऑक्सिजन त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या दाबाने बाहेर येतो. सिलिंडरचं मीटर मशीनला जोडलं तर आकडा दिसतो एक आणि जातो वेगळाच. दोन्हींची मीटरं वेगळी ठेवा, त्यांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

पाण्याच्या बाटलीबद्दल. एक लिटरच्या आत प्रवाह असेल तर पुष्कळ बाळांना ह्युमिडिफायर (ऑक्सिजन ओलसर करणारी ही बाटली) लागत नाही, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. लावायचाच असेल तर तो लो-फ्लो मीटरच्या पुढे. आधी लावला तर मीटरमध्ये ओल जाते आणि गोटी चिकटते. बाटलीचं झाकण अर्धा आटा जरी तिरकं बसलं, तरी पाव लिटरचा सगळा ऑक्सिजन तिथूनच निघून जातो. मोठ्या माणसाच्या दोन लिटरमध्ये ही गळती खपून जाते, बाळाच्या प्रवाहात काहीच उरत नाही. तपासायची रीत अशी: मीटर थोडा वेळ वाढवून पुढची नळी दुमडून धरा. झाकण नीट असेल तर बाटलीचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी देतो. शिट्टी नाही, म्हणजे गळती आहे. मग प्रमाण पुन्हा जागेवर आणा. पाणी निर्जंतुक हवं, रोज बदललेलं, आणि उरलेल्यात भर न घातलेलं. बोअरचं पाणी बाटलीत पांढरा थर धरतं, आणि गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी यासाठी नसतं.

थंडीत एक वेगळी अडचण येते. खोली गार, नळी जमिनीवरून गेलेली, आत ओलसर ऑक्सिजन: नळीत पाण्याचे थेंब जमतात. बाळाची कॅन्युला इतकी बारीक असते की एक थेंब अडकला तरी प्रवाह थांबतो, आणि मीटर मात्र बराच वेळ ठीकच दाखवतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी नळी उंच धरून थेंब झटकून काढायचे. प्रवाह नाकापर्यंत पोचतो का, हे बघायची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे कॅन्युलाची टोकं वाटीभर स्वच्छ पाण्यात बुडवणं. दोन्ही टोकांतून बारीक, सलग बुडबुडे आले पाहिजेत. एकाच टोकातून आले तर दुसरं टोक बंद आहे. मग टोकं पुसून, कोरडी करूनच परत लावा.

नळी किती लांब असावी यावर घरातलं निम्मं जगणं ठरतं. २५ फुटांच्या नळीत झोपायची खोली, हॉल आणि स्वयंपाकघराचं दार येतं, मोरी येत नाही. पण लांब नळीचा एक हिशेब लक्षात असू द्या. २५ फुटांच्या नळीत सुमारे दीडशे मिलिलिटर हवा मावते. पाव लिटर प्रवाहावर तेवढी सरकायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं, ०.१ वर दीड मिनिट. म्हणून प्रमाण बदलल्यावर किंवा लाइट जाऊन आल्यावर ऑक्सिमीटरकडे लगेच बघून नॉब पुन्हा फिरवू नका. नळी कपड्यांच्या आतून पाठीमागे काढा, गळ्यासमोरून कधीच नको. रात्री ती पायांकडून बाहेर येऊ द्या.

कॅन्युला बाळाच्या मापाचीच लागते: प्रीमॅच्युअर, न्यूबॉर्न, इन्फंट अशी मापं पाकिटावर असतात. टोकाने नाकपुडी पूर्ण भरता कामा नये, आणि टोकांची कमान खाली, नाकपुडीच्या तळाकडे वळलेली हवी. मोठ्यांची कॅन्युला कुठेही मिळते, बाळाची सांगून मागवावी लागते. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातही माप सांगूनच विचारा आणि एकदम चार-पाच घेऊन ठेवा. नळी कडक झाली की बदलायची, साधारण दोन आठवड्यांनी. गालावर चिकटपट्टी थेट लावू नका. आधी हायड्रोकोलॉइड पट्टीचा तुकडा गालाला, त्यावर नळी, त्यावर चिकटपट्टी. खालचा तुकडा काही दिवस तसाच राहतो, रोज निघते ती फक्त वरची पट्टी. हे केलं नाही तर महिनाभरात गाल सोलवटतात.

ऑक्सिमीटर बोटात अडकवायचा मोठ्या माणसाचा नको. बाळासाठी हातात धरायचा मॉनिटर आणि गुंडाळायचा निओनेटल प्रोब (नवजात बाळाच्या मापाची सेन्सरची पट्टी) घ्या. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली, दिवा एका बाजूला आणि सेन्सर बरोबर समोर. वर मोजा घाला, म्हणजे ऊन आणि ट्यूबलाइट मध्ये येत नाही. दर चार तासांनी पाय बदला, वळ उठेल इतका घट्ट बांधू नका. आकडा मानायचा तो मॉनिटरवरची नाडीची लाट एकसारखी असेल आणि नाडी पटण्यासारखी असेल तेव्हाच. रडताना, पाय झाडताना ८० दिसलं तर आधी बाळाकडे बघा, मग मशीनकडे. पाय गार असेल तर चोळून ऊब आणा. आणि तळपायाला लावलेली काजळाची तीट प्रोबच्या प्रकाशात आडवी येते. आजींना तीट लावायचीच असेल तर प्रोब बांधायच्या जागेपासून लांब लावू द्या.

किती आकडा हवा हे लिहून घ्या. फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या बाळांसाठी ९३ टक्के किंवा वर असं बरेच डॉक्टर सांगतात. मुंबईहून डिस्चार्ज घेऊन येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तिथे दिसलेला आकडा इथे एखाद-दुसऱ्या टक्क्याने कमी दिसू शकतो. डॉक्टरांना कळवा, आपल्या मनाने नॉब फिरवू नका.

आता लाइटचं. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ युनिटांच्या वर, महिन्याला अडीचशेच्या आसपास. घरचा नेहमीचा वापर मिळून बिल ३०० युनिटांचा टप्पा ओलांडतं आणि पुढचा दर चढा लागतो. मशीनसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा. १५० एएचच्या नव्या बॅटरीवर दुसरं काही न लावता अडीच-तीन तास मिळतात, जुन्या बॅटरीवर बरेच कमी. पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या तर तेवढे पुरत नाहीत. १९१२ वर तक्रार नोंदवा, पण त्या भरवशावर बसू नका.

खरा भरवसा सिलिंडरचा, आणि इथे बाळाचा कमी प्रवाह आपल्या कामी येतो. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पाव लिटरने तो १०० तास पुरतो, म्हणजे चार दिवस. शिल्लक काढायचं गणित सोपं: सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले गेजवरचा दाब किलोमध्ये (चौरस सेंटिमीटरला किती किलो). १० लिटरचा सिलिंडर ६० वर असेल तर ६०० लिटर शिल्लक. हे गणित कागदावर लिहून सिलिंडरलाच बांधा, चावीसुद्धा तिथेच दोरीने. रात्री अंधारात चावी शोधणं हीच सगळ्यात मोठी अडचण ठरते.

याच हिशेबाने पुढचं सांगतो, जरी दुकानात हे कुणी सांगणार नाही. पाव लिटर किंवा त्याहून कमी लागत असेल तर मशीन घेण्याआधी जम्बो, म्हणजे डी-टाइप सिलिंडरचा विचार करा. त्यात सुमारे ७००० लिटर मावतात, पाव लिटरने एकोणीस दिवस. आवाज नाही, गरम हवा नाही, वीज नाही. तोटा असा की तो एकट्याने हलत नाही, भिंतीला साखळीने बांधावा लागतो, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत दर खेपेला दोन माणसं लागतात. अर्ध्या लिटरच्या वर गेलात की मशीन परवडतं. मागवताना मेडिकल ऑक्सिजन असं सांगून घ्या आणि लेबल बघा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या या शहरात वेल्डिंगचा ऑक्सिजनही सहज मिळतो, तो बाळासाठी नाही.

जुनं मशीन घेत असाल तर जपून. २०२१ मध्ये घेतलेली कितीतरी मशीन कपाटांत पडून आहेत. आतला झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो, पण न वापरता ओलीत राहिला की दमट होऊन निकामी होतो. मशीन चालतं, हवा येते, पण ऑक्सिजन पुरेसा नसतो. वीसेक मिनिटं चालवून ॲनालायझरने शुद्धता मोजून घ्या, ९० टक्क्यांच्या खाली असेल तर नको. भाड्याने घेत असाल तर बंद पडल्यास बदली मशीन किती तासांत मिळेल, ते पावतीवर लिहून घ्या. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच लावा, म्हणून दोन जाळ्या हव्यात.

आता घरातल्या माणसांबद्दल. शेक-धुरी बंद. यात तडजोड नाही. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून बाळाला धुरी देण्याची रीत आजीच्या मायेतूनच येते, पण दुखऱ्या फुप्फुसाला धूर चालत नाही, आणि ऑक्सिजनजवळ निखारा म्हणजे आग. ऑक्सिजन दुपट्यात, गोधडीत मुरतो, नळी काढल्यावरही काही वेळ राहतो. देवाजवळचं निरांजन, उदबत्ती, गॅस, सगळं निदान दहा फूट लांब. तोंडाला तेल किंवा व्हॅसलिन नको, वेखंडाची पूड उडवायची नाही. मालिश पाया-पाठीला करा, हात पुसून मगच नळीला किंवा सिलिंडरला लावा. आजींना नुसतं "नको" म्हणण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकवा. मग घरात वाद राहत नाही.

रात्रीच्या पाळ्या ठरवा. एकटी आई चोवीस तास अलार्म ऐकू शकत नाही. दोघं-तिघं असाल तर एकाने दोनपर्यंत, दुसऱ्याने पुढे, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपावं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मशीनवरून सिलिंडरवर जायला आलं पाहिजे: व्हॉल्व्ह हळू उघडणं, मीटर लावणं, नळी बदलणं, वाटीत बुडबुडे बघणं. मोठं भावंड असेल तर त्याला नळीवर पाय द्यायचा नाही एवढं शिकवा, आणि आलेल्यांना हात धुवायला सांगायचं काम त्याच्याकडे द्या. ते हे काम मनापासून करतं. सर्दी झालेला पाहुणा दारातूनच परत गेला तरी चालेल.

बाळ शांत झोपलेलं असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजून त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. नेहमीपेक्षा बराच वाढला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, दूध ओढताना दमू लागलं, ओठ निळसर झाले, तर मशीनशी खेळत बसू नका. सिलिंडर लावा आणि १०८ ला फोन करा किंवा निघा. गाडीत सिलिंडर आडवा, पट्ट्याने बांधलेला, काच थोडी उघडी. मुंबईच्या तपासणीला जाताना लागेल त्याच्या दुप्पट तासांचा ऑक्सिजन घ्या, कसारा घाटात गाड्या कधी अडकतील सांगता येत नाही.

वजन दर आठवड्याला बघा. आकडे बरे दिसत असूनही वजन थांबलं असेल, तर रात्री झोपेत ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता असते. डॉक्टर रात्रभराची नोंद मागतात ती यासाठीच. नळी सुटताना बहुधा आधी दिवसा काही तास सुटते, झोपेतली शेवटी. सुटली की सामान लगेच परत करू नका. निदान तीन महिने ठेवा, आणि ते महिने थंडीचे असतील तर थंडी पूर्ण सरेपर्यंत, कारण पहिल्या सर्दीत ऑक्सिजन पुन्हा लागू शकतो. मशीन भाड्याचं असेल तर ते दिलं तरी चालेल. बी-टाइप सिलिंडर भरलेला, न वापरलेली एक कॅन्युला आणि प्रोब एवढं मात्र घरात राहू द्या.