पहिलं चांगलं मॉडेल इंजिन: एन की एचओ, साधं की आवाजाचं?

खेळण्यातलं रेल्वे इंजिन आणि मॉडेल इंजिन यांतला फरक ते उलटं धरलं की लगेच दिसतो. खेळण्यात मोटार एकाच बोगीला जोडलेली असते (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) आणि वीज दोन-चार चाकांतूनच वर येते. चांगल्या इंजिनात मोटार मधोमध बसते, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील (चाल एकसारखी ठेवणारी जड चाकं) असतात, तिथून शाफ्ट दोन्ही बोग्यांकडे जातात आणि प्रत्येक ॲक्सलवर (चाकांची जोडी बसवलेल्या दांड्यावर) गिअर असतो. वीज सगळ्या चाकांतून घेतली जाते. पहिल्या इंजिनावरचा पैसा या खालच्या भागावर खर्च व्हावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कठडे, पायऱ्या, नंबर प्लेट नंतर लावता येतात. अडखळत चालणारं यंत्र मात्र नंतर सुधारत नाही.

कोल्हापूरच्या खरेदीदाराला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. असं इंजिन बहुतेक वेळा चालतं न बघताच, कुरिअरने मागवावं लागतं. बिघडलं तर परत पाठवण्याचा खर्च आणि वेळ आपलाच. त्यामुळे निवड करताना 'किती सुंदर आहे' यापेक्षा 'घरी बसून किती दुरुस्त करता येईल' याला जास्त वजन द्यावं. एकदा तरी पुण्याला जाऊन जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. इंजिनाचा आकार, वळणांची रुंदी आणि गाडीचा वेग यांचा अंदाज फोटोंवरून येत नाही, तिथे अर्ध्या तासात येतो.

जागा किती, त्यावर प्रमाण

एचओ म्हणजे 1:87, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या 87 पट लहान, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. एन म्हणजे 1:160, रूळ 9 मिलिमीटर. आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-2 डिझेलची खरी लांबी 17.12 मीटर. एचओमध्ये ती साधारण 197 मिलिमीटर भरते, एनमध्ये 107. एक तळहातापेक्षा लांब, दुसरं बोटापेक्षा थोडं मोठं. वजनातला फरक याहून मोठा आहे: एचओचं डिझेल साधारण 300 ते 450 ग्रॅम, एनचं 100 ग्रॅमच्या आत-बाहेर.

टिंबर मार्केटमधून 8 बाय 4 फुटांची एक प्लाय आणली, तर तिच्यावर एचओचा 18 इंची, म्हणजे 457 मिलिमीटर त्रिज्येचा गोल आरामात बसतो. रुळाच्या मध्यापासून प्लायच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटर उरतात. पण सहा ॲक्सलच्या लांब इंजिनाला 22 इंच त्रिज्या बरी. तेवढा गोल काढला की कडेला जेमतेम 5 सेंटिमीटर राहतात. चालेल, पण कडेला पट्टी ठोका. नाहीतर रूळ सुटलेलं इंजिन थेट फरशीवर. 18 इंचांवरच थांबायचं असेल तर पहिलं इंजिन चार ॲक्सलचं घ्या. सहा ॲक्सलचं तिथे चालतं, पण डब्यांना बाजूला ओढतं आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) अडकतो.

एनला 2 बाय 4 फुटांची फळी पुरते. 249 मिलिमीटर त्रिज्येचा गोल तीत मावतो आणि कडेला साडेपाच सेंटिमीटर उरतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, फळी पलंगाखाली सरकवायची असेल तर, एनशिवाय दुसरा शहाणा पर्याय नाही. काटो या जपानी कंपनीची एनमधली डिझेल इंजिनं सुरुवातीलाच गुळगुळीत चालतात, आणि त्यांचा खडीसकट येणारा युनिट्रॅक हा रूळ रोज जोडून रोज सोडायला चांगला आहे.

मग एनचा तोटा कुठे? वजनात. हलक्या इंजिनाची चाकं रुळावर कमी दाबून बसतात, त्यामुळे धुळीचा बारीक थरही वीज तोडतो. एचओ जिथे चालून जातं, तिथे एन थांबतं. आणि हात. एनचा कपलर बदलायला चिमटा आणि भिंग लागतं. चाळिशीनंतर चष्मा लागलेल्या माणसाने हे गांभीर्याने घ्यावं. जागा असेल तर आमचं मत एचओच्या बाजूने आहे.

साधं डीसी, की आवाजासकट डीसीसी?

साध्या डीसीमध्ये रुळावर 0 ते 12 व्होल्ट सोडले जातात. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त वेग, उलटे ध्रुव म्हणजे उलटी दिशा. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळावर कायम साधारण 14 ते 16 व्होल्ट असतात आणि इंजिनातला डिकोडर आपल्यासाठी आलेला आदेश ओळखून मोटार, दिवे, आवाज चालवतो. एका रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात, हा त्याचा खरा फायदा. आवाज हा दुसरा फायदा आहे, आणि नवा माणूस नेमका त्यालाच भुलतो.

अमेरिकी दुकानांत एचओचं चांगलं साधं डिझेल साधारण 150 ते 220 डॉलरला, आवाजाचं 250 ते 350 किंवा त्याहून वर, आणि एनचं साधं 100 ते 150 डॉलरला पडतं. आवाजाच्या इंजिनासोबत डीसीसी कंट्रोलर (रुळाला वीज आणि आदेश देणारं यंत्र) घ्यावाच लागतो. साध्या डीसी कंट्रोलरवर आवाजाचं इंजिन जोडलं तर डिकोडर जागा होईपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा 6-7 व्होल्टपर्यंत, ते जागचं हलत नाही आणि मग एकदम सुटतं. रांगत शंटिंग करण्याची सगळी मजा तिथेच संपते. वर, काही जुने डीसी कंट्रोलर विजेचे ठोके देऊन चालतात. असे ठोके डिकोडरला मानवत नाहीत, तो जळू शकतो.

म्हणून मधला रस्ता: डीसीसी रेडी इंजिन घ्या. आत 8 पिनचं, 21 पिनचं किंवा प्लक्स22 सॉकेट असतं आणि त्यात एक साधी पट्टी खोचलेली असते. आज डीसीवर चालवा. वर्षभराने ती पट्टी काढून डिकोडर खोचा, सोल्डरिंग नाही. एनमध्ये बहुधा नेक्स्ट18 किंवा 6 पिनचं सॉकेट मिळतं. घेताना जाहिरातीत सॉकेटचं नाव लिहिलेलं आहे का, ते बघा. नुसतं 'डिकोडर बसवता येतो' असं लिहिलं असेल तर तारा कापून जोडाव्या लागण्याची शक्यता आहे. स्पीकरसाठी जागा सोडली आहे का, हेही विचारा. नव्या डिकोडरचा पत्ता कारखान्यातून 3 असतो. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली बदलता येणारी नोंद: सीव्ही 2 सुरुवातीचे व्होल्ट, सीव्ही 3 वेग घेण्याचा आणि सीव्ही 4 थांबण्याचा संथपणा ठरवतो. एवढ्या तीन आकड्यांत इंजिनाचा स्वभाव बदलतो.

वाफेचं इंजिन पहिलं घेऊ नका. बाहेरचे दांडे, टेंडरमधल्या (मागच्या कोळशाच्या डब्यातल्या) तारा, पुढची सुटी चाकं: बिघडायला जागा फार आणि उघडायला अवघड.

युरोपी, अमेरिकी की आपलं?

रुकडीच्या पुलावरून पंचगंगा ओलांडणारी अल्को (अमेरिकी कंपनी) घराण्यातली डिझेलं ज्यांनी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांना मनातून तेच इंजिन हवं असतं. ते समजून घेऊनच पुढचं सांगतो.

भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर आहे. 1:87 मध्ये तो 19.3 मिलिमीटर व्हायला हवा. बाजारातला एचओ रूळ 16.5 चा, कारण तो परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या गेजसाठी आहे. म्हणजे भारतीय इंजिनाची एचओ प्रतिकृती रुळावर जवळपास 3 मिलिमीटरने अरुंद पायांवर उभी असते. समोरून बघितलं की ते डोळ्यांना टोचतं, बाजूने बघितलं की अजिबात जाणवत नाही. ही तडजोड सगळेच करतात.

भारतीय रूपाची मॉडेलं थोड्या संख्येने, बऱ्याचदा हाताने बनतात: पितळी, रेझिनची किंवा थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी, खाली परदेशी इंजिनाची चासी (मोटार-चाकांसकट खालचा सांगाडा). अशा मॉडेलबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो रंगाचा नव्हे, 'खाली कुणाची चासी आहे?' हा. उत्तर नीट मिळालं आणि त्या चासीचे सुटे भाग मिळत असतील तर घ्यायला हरकत नाही. उत्तर टाळलं गेलं तर पुढे जाऊ नका. उद्यमनगरात कास्टिंगपासून गिअर कटिंगपर्यंत सगळं होतं, पण ॲक्सलवरचा सेंटिमीटरभर नायलॉन गिअर एकच नग कुणी करून देईल, हा भरवसा धरू नये.

सुट्या भागांच्या बाबतीत पिको आणि रोको या युरोपी कंपन्यांचा कारभार चांगला: खोक्यात सुट्या भागांचं चित्र असतं आणि प्रत्येक भागाला क्रमांक. त्यांची चार ॲक्सलची इंजिनं घट्ट वळणांसाठीच बनलेली असतात. 420 मिलिमीटरच्या आसपासची त्रिज्या त्यांना चालते. पण त्यांच्या काही चाकांवर रबरी कडी असते. ओढ वाढते, मात्र त्या चाकातून वीज मिळत नाही आणि रबर काही वर्षांनी सैल पडतं. जास्तीची कडी सोबतच मागवा. अमेरिकी डिझेलं जड असतात, रबराशिवाय ओढतात. त्यांना मुठीसारखा नकल कपलर असतो, युरोपीला आकडा-कडीचा. डबे आणि इंजिन दोन वेगळ्या घराण्यांतले घेतले तर जोडले जाणार नाहीत. युरोपी इंजिनाला एनईएम (युरोपी मानकाच्या) खाचा असल्या तर कपलर ओढून बदलता येतो, हे त्यातल्या त्यात बरं.

आमची शिफारस अशी. 8 बाय 4 ची जागा असेल तर एचओचं, दोन्ही बोग्या चालणारं, डीसीसी रेडी डिझेल: 18 इंची वळणाला चार ॲक्सलचं, 22 इंचीला सहा. भारतीय बॉडीचं इंजिन दुसरं घ्या. तोवर मॉडेल उघडायची सवय झालेली असते.

कस्टम्स आणि व्होल्टेज

परदेशातून थेट मागवताना खेळण्यांच्या शुल्काची नोंद घ्या. प्रमाणबद्ध मॉडेलं सीमाशुल्कात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. 2020 मध्ये हा दर 20 वरून 60 टक्के झाला, 2023 मध्ये 70. दर बदलत राहतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या दिवशीचा दर कुरिअर कंपनीकडून लेखी मागा. शुल्क वाहतूक खर्चासकट किमतीवर लागतं आणि जीएसटी शुल्क धरून झालेल्या रकमेवर. हिशोब परदेशी किमतीच्या दुपटीचा धरा. खोक्यावर 14 वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्याची खूण आहे ना, हेही बघा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणन सक्तीचं आहे आणि माल त्यावरून अडू शकतो. हे सगळं धरलं तर भारतातल्या विक्रेत्याची चढी किंमत पुष्कळदा परवडते.

कंट्रोलर अमेरिकी असेल तर तो 120 व्होल्टचा, जपानी असेल तर 100 चा असतो. पिन बदलून तो थेट आपल्या 230 व्होल्टच्या प्लगात लावला की ट्रान्सफॉर्मर काही क्षणांत जळतो. मागच्या पट्टीवर '100-240' लिहिलेलं असेल तरच थेट लावा.

खोकं उघडल्यावर

पहिल्या दिवशीच तपासा, परत करण्याची मुदत सुटू देऊ नका. चार गोष्टी पुरेत. सरळ रुळावर 30 सेंटिमीटरची खूण करा आणि सर्वांत कमी वेगावर इंजिन सोडा. एचओमध्ये ते अंतर 23-24 सेकंदांत कापलं तर खऱ्या मापात ताशी 4 किलोमीटर वेग झाला. चांगलं यंत्र तेवढ्या वेगाने न थांबता जातं. एनमध्ये याच वेगाला 43 सेकंद लागतात.

दुसरं, कान द्या. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच 'टक्' असा झटका बसत असेल तर ॲक्सलचा गिअर चिरलेला आहे. प्लॅस्टिकचा गिअर धातूच्या दांड्यावर घट्ट बसवलेला असतो आणि काळाने आकसून फुटतो. फट दाताच्या बुडाशी असते, उजेडात धरलं की दिसते. तिसरं, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा: एचओला साधारण 14.4 ते 14.5 मिलिमीटर. कमी-जास्त असेल तर सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, इंजिन उतरतंच. चौथं, मागे-पुढे, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने, ओझ्याशिवाय चालवा, म्हणजे गिअर बसतात.

जुनं घेत असाल तर चासीकडे बघा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर तो फुगतो, वाकतो, त्याला भेगा पडतात. दमट हवेत हे लवकर होतं आणि त्याला इलाज नाही. बॉडी चासीवर घट्ट अडकून बसली असेल, तर व्यवहार सोडा.

पावसाळ्याची तयारी

जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा रुळाला लागतो. पितळी रूळ घेऊ नका, त्यावर चढणारा थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हर घ्या. पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ बसतो. चाकं पुसायची तर अल्कोहोलने भिजवलेला टिश्यू रुळावर आडवा ठेवा, एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर, आणि इंजिन हाताने धरून वीज सोडा. टिश्यूवर काळ्या रेघा उमटतात. त्या उमटायच्या थांबेपर्यंत टिश्यू बदलत राहा.

तेल प्लॅस्टिकला चालणारं, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. खोबरेल तेल कधीच घालू नका. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबरच्या सकाळी इंजिन गिअरसकट जाम मिळतं. इंजिन बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि मूळ खोक्यातला फोम थेट रंगाला लागू देऊ नका. काही वर्षांत त्याचा चिकट चुरा होतो. मधे पातळ प्लॅस्टिकचा कागद घाला आणि दर पावसाळ्याआधी तो बदला.