रूपकातलं भजन स्टाफवर: एबीसी की लिलीपाँड?

गोव्यात व्हायोलिन शिकलेली मुलं स्टाफ, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचतात, भजनी मंडळातले पेटी-तबलेवाले मात्रा मोजतात. दोघांना एकत्र वाजवायचं तर कोणीतरी भजन स्टाफवर उतरवायलाच हवं. एबीसी आणि लिलीपाँड या संगीत लिहायच्या दोन संगणकी पद्धती; दोन्हींत ते साधा मजकूर टाइप करून होतं, आणि दोन्ही फुकट आहेत.

खरा फरक दिसतो तो बीममध्ये, म्हणजे सुरांना जोडणाऱ्या आडव्या दांडीत. रूपक ताल घ्या: सात मात्रा, ३-२-२. तो ७/८ मध्ये, म्हणजे एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) सात क्वेव्हर (१/८ लांबीचे सूर) असा लिहिला तर त्यांच्या बीमही तशाच तुटायला हव्यात, नाहीतर वाजवणाऱ्याला विभाग दिसतच नाहीत. एबीसीत सलग टाइप केलेले सूर एका बीमखाली येतात, स्पेस दिली की बीम तुटते. तीन सूर, स्पेस, दोन, स्पेस, दोन, झाला रूपक! लिलीपाँडला स्पेसचं सोयरसुतक नाही. तिथे टाइम सिग्नेचरबरोबर (म्हणजे ७/८ या आकड्याबरोबर) ३,२,२ असं एकदा सांगायचं, की अख्ख्या भजनात तेच चालतं. एखादीच जागा वेगळी हवी असेल तर बीमच्या पहिल्या सुरापुढे [ आणि शेवटच्यापुढे ] टाकायचा.

लांबीच्या हिशेबात मला एबीसी सरळ वाटतं. १/८ हे एकक धरलं की सुरापुढचा २ म्हणजे दुप्पट; तबलजीला समजवावं लागत नाही. लिलीपाँडमध्ये ४ म्हणजे क्रॉचेट (१/४ लांबीचा सूर), ८ म्हणजे क्वेव्हर, आणि आकडा नसेल तर मागचाच लागू. एक ८ गाळला तर पुढचं सगळं सरकतं. म्हणून बारच्या शेवटी उभी रेघ घालाच. हिशेब चुकला तर ते ओळीच्या क्रमांकासकट बजावतं.

शब्द आले की मात्र पारडं फिरतं. अभंगात काय, मांडो या गोव्याच्या गीतप्रकारात काय, एका अक्षरावर दोन-तीन सूर यायचेच. एबीसीत अशा प्रत्येक वाढीव सुराला शब्दांच्या ओळीत अंडरस्कोर द्यावा लागतो. लिलीपाँडमध्ये आपोआप पडणारी बीम बंद करून ती हाताने घातली, तर तिच्याखालचे सूर ते एकाच अक्षराचे धरतं.

तेव्हा तालमीपुरती एकेरी चाल हवी असेल तर एबीसी. शब्दांसकट छापील पुस्तिका काढायची असेल, तर लिलीपाँड शिकायचे कष्ट घ्या. आधी एबीसीत लिहून मग लिलीपाँडमध्ये नेणारं साधनही त्याच्यासोबतच येतं. फक्त मूळ बीम जपायचा पर्याय त्याला आवर्जून द्या.