बीपी मशीन घेताय? मनगटाचं नको, दंडाचं घ्या (पोटुशी बाई घरात असेल तर नक्की वाचा)

बडोद्यात दांडिया बाजारातून घेतलं, चार महिने झाले. आधी दादाने ऑनलाइन मागवलेलं मनगटाचं होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही. सातव्या महिन्यात पाय सुजले, अंगठी निघेना आणि ते मशीन आपलं रोज १२२/७८ दाखवतंय, सगळे खूश. सासूबाई म्हणाल्या पहिलटकरणीला सूज येतेच गं, मीठ कमी कर. चेकअपला मॅडमनी मोजलं तर १४८/९६, चार तास बसवून परत मोजलं तेवढंच, लघवीत प्रोटीन पण. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बाकीच्या अवयवांवरही ताण आणणारा आजार!

मॅडम म्हणाल्या मिठाचा काही संबंध नाही, गडबड वारेची (प्लासेंटाची, जिच्यातून बाळाला रक्त मिळतं). वार रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला पाहिजेत त्या नीट होत नाहीत, मग वारेला रक्त कमी पडतं आणि ती असं काही रक्तात सोडते की आईच्या किडनी, लिव्हर, मेंदू सगळ्यावर ताण येतो. खरा इलाज डिलिव्हरीच, तोवर बीपी उतरवायला लॅबेटालॉलच्या गोळ्या आणि घरी दोनदा बीपी.

म्हणून हे दंडाचं. दुकानातल्या काकांनी आधी टेपने दंड मोजला, ३४ सेंमी, आणि मशीनबरोबरचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) २२ ते ३२ चा, म्हणजे मोठा कफ वेगळा घ्यावा लागला (पैसे वेगळे, हे डब्यावर ठळक लिहायला काय जातं). लहान कफने आकडा उगाच वाढीव येतो. गरोदरपणासाठी तपासलेलं मॉडेल आहे ना ते पण विचारा, कारण या आजारात बरीच मशीनं बीपी कमी दाखवतात. मी क्लिनिकमध्ये नेऊन मॅडमच्या मशीनशी ताडून पाहिलं, ३-४ चा फरक, चालेल. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, आणि आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी.

३६व्या आठवड्यात रात्री डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखतंय, मला वाटलं संध्याकाळची शेव उसळ बाधली. मशीन लावलं १६४/११२, पंधरा मिनिटांनी परत १६६/११०. अहोंनी रिक्षा बोलावली, सरळ हॉस्पिटल. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, अंगात नुसती भट्टी, बाळंतशेकाच्या आधीच शेक! औषध जास्त होत नाहीये ना म्हणून सिस्टर सारख्या गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या, श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या. पहाटे सिझर, मुलगी झाली, दोघी ठीक.

डिलिव्हरी झाली म्हणून मशीन माळ्यावर टाकू नका, फिट नंतरही येऊ शकते, पहिले दोन दिवस तर जास्तच जपायचं. मी सहा आठवडे मोजत होते.

एक स्टार कापला. अडॅप्टर सोबत नाही, सेल उतरले की नुसता एरर, आणि कफ सोडताना वेल्क्रोचा असा कर्रकन आवाज होतो की तासभर थोपटून झोपवलेली पोरगी टक्क जागी.